सांखवाळ ते सेवाग्राम : आचार्य धर्मानंद कोसंबी यांची धर्मयात्रा

यात्रा हे जैन जीवनाचे एक अविभाज्य अंग आहे. कुही व परिसरातील श्रावक-श्राविका पिढ्यान्‌पिढ्या रामटेकच्या शांतिनाथांचे, भद्रावती आणि शिरपूरच्या पार्श्वनाथांचे, मुक्तागिरीचे दर्शन घेत आले आहेत. आयुष्यात एकदा तरी सम्मेदशिखरजीची वंदना घडावी अशी प्रत्येकाची मनीषा असते. यात्रेहून परतलेल्या माणसाला गावातील मंडळी प्रवास कसा झाला, दर्शन कसे घडले, व्यवस्था कशी होती हे आवर्जून विचारतात. परंतु त्या स्थळाच्या दर्शनाने आपल्यात काय पालटले, हा प्रश्न ज्याचा त्यालाच स्वतःला विचारावा लागतो.

हा प्रश्न स्वतःला विचारून त्याच्या उत्तराप्रमाणे आपले सारे आयुष्य घडविणारा एक महापुरुष महाराष्ट्राने पाहिला. ते जन्माने जैन नव्हते. त्यांची कीर्ती झाली ती पाली भाषेचे व बौद्ध धर्माचे महापंडित म्हणून. तथापि त्यांच्या जीवनाच्या अखेरच्या पर्वात त्यांनी भगवान पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्मावर मराठीत ग्रंथ लिहिला, आणि विदर्भाच्या भूमीत, सेवाग्रामच्या आश्रमात, अन्नाचा त्याग करून शांतचित्ताने देह ठेवला. त्यांचे नाव आचार्य धर्मानंद दामोदर कोसंबी. सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी त्यांच्या जीवनाचे स्मरण उद्बोधक ठरेल.

बालपण आणि एक लेख

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील सांखवाळ या गावी एका गौड सारस्वत ब्राह्मण कुटुंबात झाला. गोव्यावर त्या वेळी पोर्तुगीजांचे राज्य होते. गावात मराठी शिक्षणाची सोय तुटपुंजी होती. प्रकृती नाजूक, घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे त्यांचे शालेय शिक्षण फारसे होऊ शकले नाही. घरच्या नारळीच्या बागायतीची व्यवस्था पाहणे हेच त्यांच्या वाट्याला आले. वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्यांचा विवाह बाळाबाई यांच्याशी झाला.

शिक्षण अपुरे राहिले तरी वाचनाची ओढ विलक्षण होती. मिळेल ते मराठी पुस्तक ते वाचून काढीत. संत तुकारामांच्या चरित्राचा त्यांच्या मनावर खोल ठसा उमटला. पुढे १८९७ साली विनायक कोंडदेव ओक यांच्या 'बालबोध' या मुलांच्या मासिकात भगवान बुद्धांचे छोटेसे चरित्र त्यांच्या वाचनात आले. मुलांसाठी लिहिलेल्या त्या चार पानांनी या तरुणाचे आयुष्य बदलून टाकले. ज्या महात्म्याने राज्य, पत्नी, पुत्र यांचा त्याग करून दुःखमुक्तीचा मार्ग शोधला, त्याचा धर्म मुळातून जाणून घ्यावयाचा, असा निश्चय त्यांनी केला.

हा निश्चय सोपा नव्हता. वडील निवर्तले होते, घरावर कर्ज होते, पत्नी तरुण होती आणि कन्या माणिक अवघी काही महिन्यांची होती. अशा स्थितीत १८९९ च्या अखेरीस धर्मानंदांनी घर सोडले. त्यांच्या ज्ञानयात्रेचा गौरव करताना बाळाबाईंनी सोसलेल्या वियोगाचे विस्मरण होऊ देणे न्यायाचे होणार नाही. पुढील काही वर्षे पतीचा ठावठिकाणाही पुरता ठाऊक नसताना त्या माउलीने दिवस काढले. त्यागी पुरुषाच्या मागे घरातील स्त्रीचाही एक अबोल त्याग उभा असतो, हे जैन समाजाला वेगळे सांगावयास नको.

काशीतील दिवस

प्रथम ते पुण्यास आले. तेथे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. बौद्ध धर्माच्या अभ्यासास संस्कृतचा पाया हवा, हे उमगल्यावर संस्कृत शिकण्यासाठी ते उज्जैन, इंदूर, ग्वाल्हेर, प्रयाग अशी भ्रमंती करीत काशीस पोहोचले. काशीत त्यांनी अन्नछत्रात जेवून, मिळेल त्या जागी राहून, थंडी-उन्हाची पर्वा न करता व्याकरण व साहित्याचा अभ्यास केला. उपासमारीने शरीर खंगले. पण अध्ययनात खंड पडला नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ज्या काशीनगरीत हा तरुण अन्नछत्राच्या पंगतीत बसत होता, ती तेविसावे तीर्थंकर भगवान पार्श्वनाथ यांची जन्मभूमी. भेलूपूरची जैन मंदिरे त्याच नगरीत आहेत. पुढे ज्यांच्या धर्मावर आपण आयुष्याच्या शेवटी ग्रंथ लिहिणार आहोत, त्यांच्याच जन्मगावी आपण राहत आहोत, हे त्या वेळी धर्मानंदांच्या मनातही आले नसेल. त्यांचे सारे लक्ष उत्तरेकडे, हिमालयाच्या पलीकडे लागले होते.

नेपाळची स्तूपभूमी

भारतातून बौद्ध धर्म लोपला असला तरी नेपाळात तो जिवंत आहे, असे त्या काळी सर्वत्र सांगितले जात असे. बौद्धांचे कित्येक संस्कृत ग्रंथही नेपाळातच सुरक्षित राहिले होते. त्यामुळे तेथे गेलो की बुद्धांचा खरा धर्म हाती लागेल, अशी आशा मनी बाळगून धर्मानंद १९०२ च्या प्रारंभी नेपाळास निघाले. नेपाळ हे स्वतंत्र राज्य होते आणि तेथे राणा घराण्यातील प्रधानमंत्र्यांची सत्ता चालत होती. काठमांडूस मोटारीचा रस्ता नव्हता. तराईचे जंगल ओलांडून भीमफेदीपर्यंत जावयाचे आणि तेथून चिसापानी व चंद्रागिरीच्या उभ्या चढणी पायी चढावयाच्या, असा नेहमीचा मार्ग होता. अन्नछत्रात वाढलेल्या, अंगावर पुरेसे कपडे नसलेल्या मनुष्याने माघ-फाल्गुनाच्या थंडीत हा प्रवास करणे म्हणजे एक तपश्चर्याच होती.

काठमांडूचे खोरे ही अत्यंत प्राचीन धर्मभूमी आहे. नगराच्या पश्चिमेस टेकडीवर स्वयंभूनाथाचा शुभ्र स्तूप उभा आहे. त्याच्या माथ्यावरील चौकोनी भागावर चारही दिशांना पाहणारे नेत्र रेखाटलेले आहेत. पूर्वेस बौद्धनाथाचा विशाल स्तूप आहे. तिबेटातून येणारे लामा व यात्रेकरू त्याला प्रदक्षिणा घालतात. शेकडो वर्षांचे विहार, धातूच्या मूर्ती, प्रार्थनाचक्रे, दीपमाळा असे वैभव तेथे पावलोपावली आढळते. सामान्य यात्रेकरू ते पाहून धन्य झाला असता.

धर्मानंदांच्या पदरी मात्र निराशा आली. ज्या धर्मासाठी त्यांनी घरदार सोडले होते, त्या धर्माची तेथील अवस्था पाहून ते खिन्न झाले. 'निवेदन' या आपल्या आत्मचरित्रात त्यांनी ही निराशा नोंदविली आहे. त्या खोऱ्यातील ब्रह्मचारी भिक्षूंची परंपरा शतकांपूर्वीच खंडित झाली होती. प्राचीन विहारांतून भिक्षूंचे वंशज म्हणविणारी गृहस्थ कुटुंबे राहत होती. पौरोहित्य वंशपरंपरेने चालत होते. देवदेवतांपुढे पशुबळी देण्याची चाल त्या खोऱ्यात रूढ होती. प्राणिमात्रावर करुणा करा असे सांगणाऱ्या शास्त्याचे स्तूप ज्या भूमीत उभे होते, त्याच भूमीत रक्ताचे पाट वाहत होते. मूळ धर्मग्रंथांचे पद्धतशीर अध्यापन करील असा गुरू त्यांना तेथे लाभला नाही.

आजच्या अभ्यासकांची दृष्टी याहून काहीशी निराळी आहे. नेपाळातील नेवार समाजाने कठीण काळात ग्रंथ, कला व पूजाविधी यांचे जतन केले, म्हणूनच बौद्ध संस्कृत वाङ्मय जगाला उपलब्ध झाले, हे त्यांचे ऋण सर्वमान्य आहे. तेव्हा त्या समाजाला दोष देण्याचे कारण नाही. पण धर्मानंद तेथे वैभव पाहावयास गेले नव्हते. ते धर्माचे आचरण आणि धर्माचे ज्ञान शोधीत होते.

या दर्शनाने त्यांची दृष्टी पालटली. अमुक एका देशात, अमुक एका पवित्र स्थळी गेले की धर्म मिळतो, ही समजूत मावळली. स्तूप उभा असला म्हणून त्याच्या भोवती धर्म असतोच असे नाही. धर्म टिकतो तो त्याच्या वाणीचे अध्ययन करणाऱ्या आणि ती आचरणात आणणाऱ्या माणसांमुळे. ज्या दिवशी ही माणसे संपतात, त्या दिवसापासून स्मारक उरते आणि धर्म निघून जातो. एवढा बोध घेऊन ते परतले. निराश होऊन गोव्याची वाट धरणे त्यांना शक्य होते. तसे त्यांनी केले नाही. जेथे ग्रंथ शिकविणारी माणसे आहेत तेथे जावयाचे, असा नवा निश्चय त्यांनी केला. स्थळाचा शोध संपला आणि गुरूचा शोध सुरू झाला.

सिंहलद्वीप आणि ब्रह्मदेश

नेपाळहून ते बोधगयेस आले. बुद्धांना जेथे ज्ञानप्राप्ती झाली, ते महाबोधी मंदिर त्या वेळी एका शैव महंताच्या ताब्यात होते. तेथून कलकत्त्यास जाऊन महाबोधी सभेच्या साह्याने त्यांनी सिंहलद्वीप, म्हणजे आजची श्रीलंका, गाठली. ही महाबोधी सभा १८९१ मध्ये अनागारिक धर्मपाल यांनी स्थापिली होती. १८९३ च्या शिकागो सर्वधर्म परिषदेत श्री. वीरचंद राघवजी गांधी यांनी जैन धर्माची बाजू मांडली, त्याच परिषदेत हे धर्मपाल बौद्धांचे प्रतिनिधी होते. श्रमण परंपरेच्या दोन्ही शाखा त्या व्यासपीठावर प्रथमच जगासमोर एकत्र आल्या होत्या.

कोलंबो येथील विद्योदय परिवेण या विद्यापीठाचे प्रमुख महास्थविर सुमंगलाचार्य हे पालीचे अग्रगण्य पंडित होते. त्यांच्या चरणांशी बसून धर्मानंदांनी पालीचे अध्ययन केले आणि १९०२ सालीच प्रव्रज्या घेतली. बुद्धांची वाणी ज्या भाषेत जतन झाली त्या भाषेत ती वाचण्याचा त्यांचा संकल्प येथे सिद्धीस गेला. पुढे ब्रह्मदेशात जाऊन त्यांनी तेथील विहारांत अध्ययन व ध्यानाचा अभ्यास केला. भारतात येऊन राजगृह, कुशिनारा, सारनाथ या स्थानी ते राहिले. राजगृह हे जसे बुद्धांचे तसेच भगवान महावीरांच्या चातुर्मासांनी पावन झालेले क्षेत्र आहे.

मिळविलेले ज्ञान लोकांना

१९०६ साली ते कलकत्त्यास आले. तेथील राष्ट्रीय महाविद्यालयात व पुढे कलकत्ता विद्यापीठात त्यांनी पाली शिकविली. याच सुमारास त्यांनी भिक्षूची चीवरे उतरविली आणि ते पुन्हा कुटुंबात आले. १९०७ साली त्यांना पुत्र झाला. तोच पुढे गणितज्ञ व इतिहासकार म्हणून जगद्विख्यात झालेला दामोदर धर्मानंद कोसंबी.

कलकत्त्यात मान होता, वेतनही चांगले होते. परंतु आपले ज्ञान मराठी बांधवांच्या उपयोगी पडावे, ही तळमळ त्यांना स्वस्थ बसू देईना. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दरमहा ५० रुपये देऊ केले तेव्हा मोठ्या वेतनाची जागा सोडून ते महाराष्ट्रात आले. 'बुद्ध, धर्म आणि संघ', 'बुद्धलीलासारसंग्रह', 'समाधिमार्ग', 'बौद्धसंघाचा परिचय' हे त्यांचे ग्रंथ साध्या, सरळ मराठीत आहेत. विद्वत्तेचे प्रदर्शन त्यांत नाही. १९१२ ते १९१८ या काळात पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ते पालीचे प्राध्यापक होते. मुंबई विद्यापीठात पालीच्या अभ्यासाला स्थान मिळावे म्हणून झालेल्या प्रयत्नांत त्यांचा वाटा मोठा आहे. महाराष्ट्रात पाली जाणणाऱ्यांची एक पिढी त्यांनी घडविली.

नेपाळात जे मिळाले नाही, ते आपल्या देशातील विद्यार्थ्यांना घरबसल्या मिळावे, असाच हा उद्योग होता. ज्या गुरूच्या शोधात आपल्याला समुद्र ओलांडावा लागला, तसा गुरू ते स्वतःच झाले.

अमेरिका आणि रशिया

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात हेन्री क्लार्क वॉरन या विद्वानाने आचार्य बुद्धघोषांच्या 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संपादनाचे काम हाती घेतले होते. १८९९ मध्ये त्यांचे निधन झाल्याने ते अपुरे राहिले. ते पूर्ण करण्यासाठी धर्मानंदांना पाचारण करण्यात आले. ज्यांचे शालेय शिक्षण खेड्यातच थांबले होते, ते १९१० साली हार्वर्डला गेले. १९१८ ते १९२२, १९२६-२७ आणि १९३१-३२ अशा आणखी तीन वेळा त्यांनी तेथे काम केले. संपादनाच्या श्रेयावरून मतभेद झाले तेव्हा त्यांनी मान तुकविली नाही; काम मात्र पुढे पुन्हा हाती घेऊन तडीस नेले. या ग्रंथाची देवनागरी आवृत्ती १९४० मध्ये भारतीय विद्या भवनाने प्रसिद्ध केली. हार्वर्डची आवृत्ती त्यांच्या मृत्यूनंतर १९५० मध्ये निघाली.

१९२९ साली रशियातील लेनिनग्राड येथे बौद्ध विद्येच्या अभ्यासासाठी त्यांना निमंत्रण आले. तेथे त्यांनी विद्वानांबरोबर काम केले आणि नव्या समाजरचनेचा प्रयोगही जवळून पाहिला. अमेरिकेतील संपत्ती व विद्या आणि रशियातील समतेचा ध्यास ही दोन्ही दृश्ये त्यांनी डोळसपणे पाहिली. नेपाळात धर्माची वास्तू पाहताना जी कसोटी त्यांनी लावली होती, तीच त्यांनी येथेही लावली. घोषणा काय आहेत, इमारती किती भव्य आहेत, यापेक्षा माणूस माणसाशी कसा वागतो, हे ते पाहत. समतेचा विचार त्यांना मनापासून पटला. पण तो हिंसेच्या मार्गाने रुजू शकेल असे त्यांना वाटेना. अहिंसेवाचून समता टिकत नाही आणि समतेवाचून अहिंसा पोकळ राहते, या निष्कर्षाप्रत ते हळूहळू येत होते.

१९३० मध्ये ते भारतात परतले तेव्हा मिठाचा सत्याग्रह सुरू झाला होता. शिरोड्याच्या सत्याग्रहात भाग घेऊन या विद्वानाने तुरुंगवासही पत्करला. पुढे १९३७ साली मुंबईत परळ येथे कामगारवस्तीत बहुजनविहार स्थापन करून त्यांनी उपेक्षित समाजाच्या सेवेत काही काळ घालविला.

जैन विद्वानांचा सहवास आणि वादाचा प्रसंग

धर्मानंदांचा जैन परंपरेशी जिव्हाळ्याचा संबंध आला तो अहमदाबादेस. १९२२ ते १९२५ या काळात महात्मा गांधींनी स्थापिलेल्या गुजरात विद्यापीठाच्या पुरातत्त्व मंदिरात ते काम करीत होते. मुनी जिनविजयजी, पंडित सुखलालजी, पंडित बेचरदासजी अशा थोर जैन विद्वानांचा नित्य सहवास त्यांना तेथे लाभला. एका बाजूस पाली त्रिपिटक व दुसऱ्या बाजूस अर्धमागधी आगम यांची तुलना करीत ही मंडळी अध्ययनात रमून जात. बुद्ध आणि महावीर यांच्या काळचे श्रमणजीवन समजून घ्यावयाचे तर दोन्ही परंपरांचे ग्रंथ एकत्र वाचले पाहिजेत, ही दृष्टी धर्मानंदांना तेथे अधिक स्पष्टपणे प्राप्त झाली.

याच अभ्यासातून एक कटू प्रसंगही उद्भवला. प्राचीन काळातील श्रमणांच्या आहाराविषयी चर्चा करताना आगमांतील काही शब्दांचा धर्मानंदांनी लावलेला अर्थ जैन समाजाला मान्य झाला नाही. 'भगवान बुद्ध' या त्यांच्या ग्रंथातही ती चर्चा आल्याने समाजात तीव्र नाराजी पसरली. ते शब्द वनस्पतिवाचक आहेत, असे जैन पंडितांनी साधार प्रतिपादन केले. अहिंसा हाच ज्या धर्माचा प्राण, त्याच्या अनुयायांना अशा लेखनाने दुःख होणे स्वाभाविक होते आणि त्या मताशी समाज आजही सहमत नाही. हा इतिहास झाकून ठेवून धर्मानंदांचे चरित्र सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

परंतु अनेकान्ताची शिकवण लाभलेल्या समाजाने मनुष्याच्या एका मतावरून त्याचे सारे जीवन मोजू नये, हेही तितकेच खरे आहे. ज्यांच्याशी वाद झाला, त्याच परंपरेच्या मुळाशी धर्मानंद पुढे अधिक आदराने गेले.

भगवान पार्श्वनाथांकडे

आयुष्याच्या उत्तरार्धात धर्मानंदांच्या चिंतनाचा ओघ भगवान पार्श्वनाथांकडे वळला. १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या 'हिंदी संस्कृती आणि अहिंसा' या ग्रंथात त्यांनी भारतातील अहिंसेच्या परंपरेचा मागोवा घेतला होता. 'पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म' हा त्यांचा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर, १९४९ साली प्रकाशित झाला.

अहिंसा, सत्य, अस्तेय आणि अपरिग्रह हे पार्श्वनाथप्रणीत चार याम होत. भगवान महावीरांनी ब्रह्मचर्याचा स्वतंत्र उच्चार करून पाच महाव्रते सांगितली. पार्श्वपरंपरेचे केशीकुमार आणि महावीरांचे गणधर गौतमस्वामी यांच्यातील यासंबंधीचा संवाद उत्तराध्ययन सूत्रात आला आहे. धर्मानंद हे पाली वाङ्मयाच्या वाटेने त्याच ठिकाणी पोहोचले. बुद्धांच्या शाक्यकुळातील वप्प नावाचा पुरुष निर्ग्रंथांचा श्रावक होता, असा उल्लेख अंगुत्तरनिकायात आहे. म्हणजे बुद्धांच्या स्वतःच्या कुळापर्यंत निर्ग्रंथ धर्म पोहोचलेला होता. बुद्धांच्या उपदेशाची पार्श्वभूमी समजून घ्यावयाची तर पार्श्वनाथांच्या चार यामांपर्यंत मागे जावे लागते, असे धर्मानंदांचे प्रतिपादन होते.

त्यांनी केवळ इतिहास सांगितला नाही. चार याम हे मुनींपुरते किंवा मंदिरापुरते न राहता समाजाच्या व्यवहारात उतरले पाहिजेत, हा त्यांचा आग्रह होता. अपरिग्रहाचा विचार करताना त्यांनी संपत्तीच्या विषम वाटपाचा प्रश्न निर्भीडपणे उपस्थित केला. मुंगीला जपणाऱ्या मनुष्याने आपल्या दारातील गरजू मनुष्यालाही जपले पाहिजे, हा त्या विचाराचा सरळ अर्थ. अमेरिका व रशिया या दोन टोकांच्या देशांत फिरून आलेला हा प्रवासी शेवटी काशीच्या राजपुत्राने अडीच हजारांहून अधिक वर्षांपूर्वी सांगितलेल्या चार शब्दांपाशी येऊन स्थिरावला. तरुणपणी ज्या नगरीतून ते पुढे निघून गेले होते, तेथील ठेवा ओळखण्यासाठी त्यांना जगाची प्रदक्षिणा करावी लागली.

सेवाग्राम येथील अंतिम साधना

वय सत्तरीच्या घरात आले. शरीर व्याधींनी जर्जर झाले. या देहाकडून आता सेवा घडत नाही आणि तो इतरांवर भार होत आहे, असे धर्मानंदांना वाटू लागले. अशा वेळी विवेकपूर्वक आहार कमी करीत देह ठेवण्याची श्रमण परंपरेतील रीत त्यांना आदरणीय वाटत होती. १९४६ साली उत्तर प्रदेशात दोहरीघाट येथे त्यांनी उपवास आरंभिला. पण महात्मा गांधींच्या आग्रहावरून तो सोडला. नंतर ते वर्ध्याजवळ सेवाग्राम आश्रमात आले. १९४७ च्या मे महिन्यात तेथे त्यांनी पुन्हा अन्नत्याग केला. सुमारे एक महिना हा क्रम चालला. तक्रार नाही, भय नाही, कोणाविषयी कटुता नाही, अशा प्रसन्न वृत्तीने ४ जून १९४७ रोजी त्यांनी देह ठेवला. आपल्या अंत्यविधीवर खर्च होऊ नये, अशी त्यांची इच्छा होती. गांधीजी तेव्हा दिल्लीस होते. देशाच्या फाळणीच्या निर्णयाने त्या दिवसांत सारे वातावरण ढवळून निघाले होते. तशाही स्थितीत गांधीजींनी ५ जूनच्या प्रार्थनासभेत या मौनव्रती विद्वानाला श्रद्धांजली वाहिली.

धर्मानंदांनी विधिवत जैन दीक्षा घेतली नव्हती. त्यामुळे शास्त्रीय अर्थाने त्यांच्या देहत्यागास सल्लेखना म्हणावे की नाही, हा विद्वानांचा विषय आहे. तथापि कषाय शांत करून, जीवनाचा व मरणाचा मोह न धरता देह सोडणे हा जो सल्लेखनेचा आत्मा, तो त्यांच्या ठायी दिसला यात शंका नाही. २०१५ साली राजस्थान उच्च न्यायालयाने या व्रताविरुद्ध निर्णय दिला, तेव्हा देशभरातील जैन समाज व्यथित झाला. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली. या चर्चेत धर्मानंदांचे उदाहरण विशेष महत्त्वाचे ठरते, कारण ते कोणत्याही कुलपरंपरेच्या दडपणाने या मार्गास आले नव्हते. आयुष्यभराच्या अध्ययनाअंती, स्वतःच्या विवेकाने त्यांनी तो स्वीकारला होता.

आपल्या परिसरात

कुहीहून नागपूर व तेथून वर्धा-सेवाग्राम हा प्रवास एका दिवसात जाऊन येण्यासारखा आहे. बापूकुटीचे दर्शन घेणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असते की पार्श्वनाथांच्या धर्माचा हा अभ्यासक त्याच आश्रमात अनंतात विलीन झाला.

आपल्या परिसराची भूमीही प्राचीनतेने संपन्न आहे. कुही तालुक्यातील अडम येथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९८८ ते १९९२ या काळात केलेल्या उत्खननात तटबंदीयुक्त प्राचीन नगराचे अवशेष मिळाले. मांढळ येथे वाकाटकांचे ताम्रपट सापडले. वैनगंगेकाठच्या पवनी येथे १९६९-७० मध्ये प्राचीन स्तूप उजेडात आला. त्या उत्खननाचे एक प्रमुख डॉ. शां. भा. देव हे जैन मुनिसंघाच्या इतिहासावरील मान्यवर ग्रंथाचे कर्ते होते. पवनीचा तो स्तूप एके काळी शेकडो उपासकांनी गजबजलेला असेल. पुढे तो मातीच्या टेकडीखाली गेला आणि त्याची आठवणही लोकांना उरली नाही. नेपाळच्या स्तूपभूमीत धर्मानंदांना जे उमगले, त्याची साक्ष आपल्या शेजारच्या टेकडीनेही दिली आहे.

संस्थेच्या वाटचालीत पन्नास वर्षे हा मोठा टप्पा असतो. मंदिर, स्थानक, धर्मशाळा, पाठशाळा या वास्तू समाजाच्या श्रमातून व दानातून उभ्या राहतात आणि त्यांचा अभिमान वाटणे योग्यच आहे. पण पुढील पन्नास वर्षांनंतर एखादा जिज्ञासू तरुण दुरून चालत आपल्या गावी आला आणि त्याने जिनवाणी शिकविण्याची विनंती केली, तर त्याला शिकविणारे कोणी येथे असेल काय? पाठशाळेत मुले येत असतील काय? चार याम कोणाच्या दुकानात, शेतात, घरात त्याला पाहावयास मिळतील काय? धर्मानंदांच्या चरित्रातून हे प्रश्न आपल्यापुढे उभे राहतात. त्यांची उत्तरे होकारार्थी असावीत, यासाठी आजपासून झटणे हेच सुवर्णमहोत्सवाचे खरे फलित होय.

सांखवाळच्या नारळीच्या बागेतून निघून सेवाग्रामच्या कुटीत विसावलेल्या या सत्यशोधकाच्या पुण्यस्मृतीस विनम्र अभिवादन.